नोरीनचं शेवटचं कडवं

शुक्रवार, ९ ऑगस्ट २०२४
बेल्टन फोर्क, कॅन्सस

प्रिय लेलँड,

तू बरा असशील, असं लिहून पुढे जायची आपली जुनी रीत. पण तू बरा नाहीस हे केसीने काल सांगितलं, तेव्हा ते राहू दे. मी ठीक. गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही. इकडे उकाडा असा की कोंबड्या दुपारभर चोची उघड्या टाकून सावलीला पडून असतात. मका जूनपर्यंत छान होता, जुलैत करपला. तुमच्या जुन्या घरात आता जे जोडपं राहतं, त्यांनी अंगणातलं पिअरचं झाड तोडलं. मी बघत उभा होतो.

हे पत्र टपालात टाकत नाही. तेवढा वेळ नाही. केसी चार वाजता येऊन घेऊन जाईल. ती फोनवर म्हणाली, "मामा, तुझं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करतात. पत्र हातात तरी घेतील का?"

म्हटलं, "नाही घेतलं तर तू मोठ्याने वाचून दाखव. तुलाही कळायलाच हवं ते."

"काय कळायला हवं?"

मी फोन ठेवला. फोनवर बोलता आलं असतं तर तेवीस वर्षं कशाला लागली असती?

आपल्या जत्रेला यंदा शंभर वर्षं झाली. गावच्या पेपरने वाचकांना विचारलं होतं, तुम्ही समोर बसून ऐकलेली सगळ्यात सुंदर मैफल कोणती? एकेचाळीस पत्रं आली, त्यातली एकोणीस त्या एकाच दुपारची. तू पेपर वाचलास हे मला ठाऊक आहे. आणि वाचल्यापासून तू डायलिसिसला गेला नाहीस, हेही. मंगळवार चुकवलास, कालचा गुरुवारही चुकवलास. डॉक्टर केसीला म्हणाले, आणखी आठवडा, फार तर दहा दिवस. तू तिला म्हणालास, "त्या दिवशी मी नुसती मान वर करून आभाळ बघितलं असतं, तर तुझी आई आज असती. आता पुरे झालं."

ते वाक्य तिने मला जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून मी जेवलेलो नाही. दया दाखव म्हणून हे लिहीत नाही. का जेवलो नाही ते पुढे येईल.

संपादकबाई माझ्याकडेही आल्या होत्या. म्हणाल्या, "ड्वेन, तू तर आवाजाच्या टेबलावर होतास. तुझ्याइतकं चांगलं कोणी ऐकलं असेल? चार ओळी तरी दे." मी लिहायला बसलो. दोन ओळींपुढे गेलो नाही.

लोकांनी काय काय लिहिलंय ते आठवतं तुला? हार्मन शिंपल लिहितो, मी डेन्व्हरला, कॅन्सस सिटीला मोठमोठे गवई ऐकले, पण शाळेत जेवण वाढणाऱ्या नोरीनने त्या दिवशी जे गायलं त्याच्या जवळपास कोणी गेलं नाही. एका बाईने लिहिलंय, मी बाळाला पाजत होते, बाळ प्यायचं थांबलं आणि मान वळवून मंचाकडे बघायला लागलं. म्हातारा गस लिहितो, मेंढ्यांचा लिलाव चालू होता, लिलाव पुकारणाराच गप्प झाला. वाऱ्याबद्दल एकानेही एक ओळ लिहिलेली नाही. एकोणीस जणांनी तिला तिथेच, गाण्यात, उभी ठेवली आहे.

ती मला तशी आठवत नाही, लेलँड. मला आठवतं ते तिचं माझ्याकडे बघणं.

तू आणि मी कुठे उभे होतो ते आधी लिहितो, कारण केसीला ते ठाऊक नाही. तू मंचाच्या डाव्या बाजूला, वीज तोडायच्या खटक्यापाशी. मंच तुझा, छप्पर तुझं, कार्यक्रम थांबवायचा हुकूम तुझा. मी समोर गर्दीच्या मधोमध, आवाजाच्या टेबलावर. माझ्याजवळ वॉकीटॉकी आणि नारिंगी झेंडा. पश्चिमेला धान्याच्या उंच कोठारावर ओपल रीस आभाळावर नजर ठेवून. ओपलने मला कळवायचं, मी झेंडा वर करायचा, तू खटका पाडून सगळ्यांना खाली उतरवायचं. सकाळी तूच दोनदा समजावलं होतंस. मी म्हणालो होतो, "झेंडा दाखवायला काय डोकं लागतं?" तू म्हणालास, "म्हणून तर तुला दिलाय."

छप्पर कोसळल्यानंतरच्या चौकशीत ओपल म्हणाली, मी चार दहाला कळवलं, पण पलीकडे ऐकू गेलं की नाही सांगता येत नाही. मला विचारलं. मी शपथेवर सांगितलं, नुसती खरखर आली, शब्द कळले नाहीत. मग सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. मंचाचा मुख्य तू, डोळे तुला होते, आभाळ तुझ्या डोक्यावर होतं. तुझा मंच उभारायचा परवाना गेला. तू केसीला घेऊन सलायनाला निघून गेलास. जाताना म्हणालास, "माझ्या बाजूने एक शब्द बोलला असतास तर जीभ झडली असती का?"

खरखर नव्हती.

ओपलचा आवाज माझ्या कानाशी बसल्यासारखा स्वच्छ आला. "ड्वेन, वारा येतोय. धुळीची भिंतच आहे. दहा मिनिटं धर, त्याहून जास्त नाही. लोकांना खाली घे." हे शब्द गेली तेवीस वर्षं मला पाठ आहेत. ओपल तीन वर्षांपूर्वी गेली. मरेपर्यंत ती मला दुकानात भेटली की विचारायची, "खरंच ऐकू नाही आलं का रे?" आणि मी दर वेळी नाही म्हणायचो. ती बिचारी कोठारावरचा त्या जुन्या वॉकीटॉकीला दोष देत गेली.

त्याच मिनिटाला बाहेरून आलेला मुख्य गायक रॉस टॅलमनने माईकमध्ये सांगितलं होतं, "तुमच्या गावात एक बाई आहे म्हणे, अंत्यविधीला गाते आणि मेलेल्यालाही उठून बसावंसं वाटतं. तिला वर पाठवा." गर्दी हसली. नोरीन एप्रन सोडून वर चढली. घाबरली की ती हात स्कर्टला पुसायची, तसे पुसले.

मी वॉकीटॉकीचा आवाज बारीक केला.

का, ते तुला थोडंफार माहीत आहे. बाविसाव्या वर्षी माझ्या या बहिणीला नॅशव्हिलहून गायला बोलावणं आलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. मी नोरीनला म्हणालो होतो, तू जा, मी आईकडे बघतो. आणि पंधरा दिवसांनी मी अलास्काला पाइपलाइनच्या कामावर निघून गेलो. तिने बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले. त्याबद्दल ती मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दुपारी मी मनात हिशेब केला, दहा मिनिटं आहेत, गाणं चार मिनिटांचं आहे. एवढं तरी तिला मिळू दे. माझ्यामुळे गेलेलं चार मिनिटांपुरतं तरी परत येऊ दे.

इथे थांबलो असतो तर अर्धं खरं झालं असतं. पण तू मरायला निघाला आहेस, तुला अर्ध्यावर ठेवून चालणार नाही.

गाणं चार मिनिटांत संपलं. चार वाजून पंधरा. अजून वेळ होता. लोक उठून उभे राहिले, शेवटचं कडवं पुन्हा म्हण म्हणून ओरडायला लागले. टॅलमन हसत बाजूला झाला. नोरीनने तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. लहानपणी चर्चमध्ये बघायची तसं, भुवया उंच करून, म्हणू का? झेंडा माझ्या मांडीवर होता. माझ्या पाठीला गार झुळूक लागली होती, मला ती कळली होती, लेलँड. आणि मी मान हलवली. म्हण.

तिने डोळे मिटले आणि शेवटचं कडवं पुन्हा उचललं. ते मी ऐकलं. एकोणीस जण लिहितात ते खरं आहे. तसं गाणं मी पुन्हा ऐकलेलं नाही आणि ऐकायचंही नाही. मग धूळ आली आणि छप्पर खाली आलं.

पत्र्यापाशी तुझ्या मागोमाग मी पोचलो. तू दोन्ही हातांनी पत्रा उचलत होतास, बोटं कापली होती तुझी, आणि म्हणत होतास, "मी बघितलं नाही, मी बघितलं नाही." त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. माझ्या खिशात वॉकीटॉकी होता. मी तुझ्या शेजारी बसून पत्रा उचलू लागलो.

आता ऐक. तिचा जीव तुझ्या डोळ्यांनी घेतलेला नाही, माझ्या मानेने घेतला आहे. तू तेवीस वर्षं भोगलंस ते माझं होतं. उद्या शनिवार आहे. उद्या मशीनवर जा. माझ्यासाठी जाऊ नकोस, माझं तोंडही बघू नकोस. केसीसाठी जा. तिची आई मी घेतली, आता बापही माझ्यामुळे जाणार असेल, तर मी काय करू, लेलँड? मला दुसरं काही सुचत नाही. मी गुडघे टेकले असते, पण तू बघायला इथे नाहीस.

सोमवारी सकाळी मी कौंटीच्या कचेरीत जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. जुनी फाइल उघडतील का, माझं काय करतील, मला ठाऊक नाही. पेपरलाही देईन. त्याआधी तुला कळायला हवं होतं.

क्षमा मागत नाही. तू दिलीस तरी ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही. फक्त जिवंत राहा आणि माझा द्वेष कर. तो तुझा हक्क आहे, आणि तो बजावायला माणूस जिवंत लागतो.

ज्याच्या मांडीवर झेंडा होता तो,
ड्वेन

*

रविवार, ११ ऑगस्ट
सलायना

ड्वेन,

अक्षर वाईट आहे, लागेल तसं लावून घे.

मी पत्र घेतलं नाही. केसीने स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. वाचून झाल्यावर मागच्या पायरीवर जाऊन तासभर बसली. तिला तुला काय म्हणायचंय ते ती सांगेल, किंवा कधीच सांगणार नाही. मी तिला काही शिकवणार नाही.

झेंडा वर गेला असता तर मी खटका पाडला असता. नोरीन मधल्या कडव्यात असती तरी पाडला असता. हे तुला गोड करून सांगण्यासारखं नाही, म्हणून तसंच सांगतो. ओपलला तू मरेपर्यंत खोटं पाडलंस, त्याचा राग मला माझ्या रागापेक्षा जास्त आला.

आता माझं. मी आभाळ बघितलं होतं.

तिने गायला सुरुवात केली तेव्हाच वारा पडला होता. तंबूंवरच्या पताका मेल्यासारख्या लोंबत होत्या. पश्चिमेला पिवळट काळं उठलेलं मला कोठाराच्या मागून दिसत होतं. असं झालं की काय होतं, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. माझा हात खटक्यावर होता. मी म्हटलं, ड्वेनचा झेंडा वर नाही, म्हणजे वेळ असेल. खरं सांगायचं तर मी झेंड्याकडे बघत होतो ते तो वर जाऊ नये म्हणून. अठरा वर्षांच्या संसारात तिने घरात, गाडीत, भांडी घासताना पुष्कळ गायलं, पण असं नाही. मला ते संपायला नको होतं. ती पुन्हा गायला लागली तेव्हा मी हात खटक्यावरून काढून घेतला. कोणी बघितलं नाही.

पत्रा उचलताना मी काय म्हणत होतो ते तू ऐकलंस. तेच चौकशीत सांगितलं आणि तेच केसीला सांगत आलो. माणसाचं लक्ष नव्हतं, हे सांगता येतं. लक्ष होतं आणि तरी ऐकत राहिलो, हे मुलीला कसं सांगायचं? काल सांगितलं. तू पायवाट पाडलीस म्हणून जमलं, तेवढं तुझ्या नावावर.

काल ती मला मशीनवर घेऊन गेली. चार तास. नर्सने सुई लावली तेव्हा माझा दुसरा हात धरून बसली. मंगळवारी जाईन का ते मंगळवारी बघू. तुझ्यासाठी गेलो असं समजू नकोस. आपण दोघं होतो हे कळल्यावर घरात पडून राहवेना, एवढंच.

सोमवारी तू एकटा जायचं नाहीस. तू तुझं सांग, मी माझं सांगतो. जसं झालं तसं, एकमेकांना वाचवायचं नाही. केसी गाडी चालवेल. तिच्याशी बोलायला जाऊ नकोस, मागच्या सीटवर बस.

हे पत्र केसी आजच तुझ्या दारात टाकून येईल. उद्या नऊ वाजता तुझ्या फाटकापाशी उभा राहा.

लेलँड