ओदिलबाईंची खुर्ची

३ सप्टेंबर

मावशी आज पुन्हा हात हलवत परत गेली.

रॉश्वेहून, आमच्या गावाहून, पहिली आगगाडी पकडून आली होती. अंगात लग्नाकार्याचा कोट, पिशवीत चीज. अख्खा डबा रिकामा केला असेल त्या वासाने! अमेरिकेबरोबर मोठा करार चाललाय, त्यात इकडच्या कुठल्या चीजचं नाव राखायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, ते ठरतंय. सोडलं तर तिकडचा कुठलाही कारखाना रबराच्या वड्या पाडणार आणि वर 'रॉश्वे' छापणार. मग टेकडीवरच्या सात घरांनी काय करायचं? गाई विकायच्या आणि बसायचं.

करार करणारे म्हणे नागरी समाजाचंही ऐकतात. बैठक असते, प्रत्येक संस्थेला दोन मिनिटं. पण चीजवाल्यांना खुर्ची एकच! आणि ती मिळणार मोठ्या संस्थेला, समुद्राच्या दोन्ही बाजूंना सभासद असलेल्या. मावशीच्या संस्थेचे सगळे सभासद एका हाकेच्या अंतरावर.

कराराच्या कचेरीतल्या चष्मेवाल्या पोराने तिला सांगितलं, "आजी, तुमच्या भावना पोचल्या." माझ्या बटाट्यांच्या गाड्यावर येऊन बसली तर फ्रितला हात लावला नाही. मी ब्रसेल्सभर फुशारकी मारतो, माझ्यासारखे बटाटे कोणी तळत नाही — आणि ही बाई बघतही नाही.

"त्याने वाससुद्धा घेतला नाही रे," एवढंच म्हणाली.

आई गेल्यावर हिनेच वाढवलं मला. दोनदा नापास झालो तेव्हा शाळेतल्या बाईंना चीज नेऊन दिलं होतं. तरी नापासच झालो, ते जाऊ दे.

थांब चष्मेवाल्या. तुला मोठी संस्था हवी ना?

५ सप्टेंबर

झाली संस्था! 'अटलांटिकपार चीजप्रेमी महासंघ'. माझ्या गाड्याशेजारी इल्यासचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याने दुपारभरात वेबसाईट उभी केली. मजकूर माझा. "आम्ही संवादाचं स्वागत करतो. संवादातूनच संवाद वाढतो." इल्यास हसून हसून फुटपाथवर बसला.

अध्यक्ष पाहिजे, म्हणून जुन्या बाजारातून एका बाईचा फोटो आणला. काळा-पांढरा, पन्नासेक वर्षांपूर्वीचा तरी. बाई पन्नाशीची, टोपी, करडी नजर, कोटावर भुंग्याची पिन. नाव ठेवलं मादाम ओदिल. आमची ओदिलबाई! नियमही केले — 'अध्यक्षांच्या परवानगीवाचून सचिवाने शिंकूसुद्धा नये.' सचिव मी. कुणाचं तरी खरं नाव लागतंच, म्हणून माझंच दिलं.

बेत असा — बोलावणं आलं की जायचं, दोन मिनिटं मिळाली की उठून सांगायचं, अशी संस्थाच नाही, तुम्ही कुणालाही बसवता! आणि त्याच खुर्चीत मावशीला बसवायचं. तिला आत्ताच सांगत नाही. कान उपटेल.

१४ सप्टेंबर

आलं बोलावणं!! आठ ऑक्टोबर.

चष्मेवाला स्वतः गाड्यावर आला होता. मला ओळखत नाही. जोडीदाराला सांगत होता, की महासंघासारखा नागरी समाज पाहिजे, रडारड नाही, आरडाओरडा नाही. मी त्याला मेयोनीज जास्त घातलं.

२२ सप्टेंबर

वेबसाईटवर एक वाक्य आहे. मी लिहिलेलं नाही.

"चांगलं नाव एका टेकडीचं नसतं, ते सगळ्यांचं असतं."

इल्यासला म्हटलं, छान जमलंय. तो म्हणाला, मला वाटलं तू लिहिलंस. तो आईची शपथ घेतो तेव्हा खोटं बोलत नाही. आम्ही ते वाक्य काढलं, पासवर्ड बदलला.

२३ सप्टेंबर

परत आलंय. वर सभासदांचे फोटोही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक, इकडची रॉटरडॅमची एक. हसतायत सगळे.

आज नवा पासवर्डही चालेना.

२९ सप्टेंबर

ओदिलबाईंचा नवा फोटो लागलाय. रंगीत!

टोपी नाही. केस पिकलेले. नजर तीच, करडी. कोटावर भुंग्याची पिन.

मूळ फोटोतली बाई असली तर शंभरीची असेल. ही साठीचीसुद्धा नाही. म्हणजे दुसरीच आहे. म्हणजे कोणीतरी ती पिन घडवून घेतली. एवढी मेहनत! इल्यास म्हणतो, पोलिसांत जाऊ. जाऊन काय सांगू — मी एक खोटी बाई बनवली होती साहेब, ती कुणीतरी पळवली?

आज तीनदा तेल जाळलं.

२ ऑक्टोबर

राखाडी कोटातला माणूस. छोटा फ्रित मागितला, हातात घेऊन उभा राहिला. खाईना.

"महासंघाचं काम जोरात चाललंय, सचिवसाहेब."

मी म्हटलं, कुठला महासंघ? तो लाजू नका म्हणाला. हल्लीची पोरं नुसती बोटं दाखवतात, तुम्ही काही उभं केलंत, आम्ही फक्त हातभार लावला. आम्ही म्हणजे कोण, ते विचारलं. "मित्र," म्हणाला.

मी सांगितलं, बंद करतोय मी ते सगळं. आजच.

"कसं करणार? अध्यक्षांच्या परवानगीवाचून तुम्हाला शिंकता येत नाही. नियम तुमचेच आहेत." आणि हसला. मनापासून हसला, तेच वाईट. माझाच विनोद, माझ्यावरच.

पुडा काठावर ठेवून गेला. एकही बटाटा कमी नव्हता. मावशीची विचारपूस करून गेला. नावाने — जिसलेन कशा आहेत, म्हणे.

३ ऑक्टोबर

कचेरीत जाऊन चष्मेवाल्याला सगळं खरं सांगितलं. पहिल्यापासून. त्याने शांतपणे ऐकलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"अहो, ओदिलबाईंबरोबर कालच जेवलो मी."

५ ऑक्टोबर

मावशीला फोन केला. सांगणारच होतो. पण ती इतकी खुशीत! मिठाच्या पाण्याने चीज धुता धुता गुणगुणत होती. मी म्हटलं, तुला काहीतरी सांगायचंय. ती म्हणाली, "मलाही. पण आत्ता नाही, लबाडा." आणि ठेवला.

राखाडी कोटवाला तिकडे आला होता का, ते विचारायचं राहिलं. पुन्हा लावला. उचलला नाही.

७ ऑक्टोबर

उद्या. ठरलंय माझं. ओदिलबाई असो नाहीतर तिचा बाप असो — उभा राहणार आणि ओरडणार. जुना फोटो खिशात घेतलाय. हाकलतील. हाकलू देत, पण आधी अख्ख्या सभागृहाने ऐकायला हवं.

८ ऑक्टोबर



दारात सांगितलं, महासंघाचा बिल्ला अध्यक्ष घेऊन गेल्या, सचिवसाहेबांनी वर बसावं. वरच्या बाकांवरून सगळं दिसतं. चीजवाल्यांच्या खुर्चीत ती. पाठमोरी. वळली तेव्हा पिन चमकली.

त्यांची पाळी आली. मी उठून उभा. तोंड उघडलेलं.

ओदिलबाई म्हणाल्या — आवाज गोड, शाळेतल्या बाईंसारखा — की मी काय बोलू, आज बोलतील त्या आमच्या सभासद, ज्यांचे हात चाळीस वर्षं चीजमध्ये आहेत.

तिच्या मागून मावशी उठली.

लग्नाकार्याचा कोट. कोटावर भुंगा.

कागद डोळ्यांजवळ धरून वाचलं तिने, अडखळत. रॉश्वेची सातही घरं महासंघात आहेत. नावाचं काय करायचं ते महासंघ ठरवेल. आमचा विश्वास आहे. बस, एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चष्मेवाला डोळे पुसत होता.

मावशीने वर पाहिलं. मी उभाच होतो, फोटो हातात. तिने हात हलवला. बाजूच्या माणसाला दाखवलं — तो बघा, आमचा.

मी ओरडलो असतो तर त्या क्षणी, त्या सगळ्यांसमोर... मी बसलो.

९ ऑक्टोबर

रॉश्वेचं नाव सोडून दिलं. चष्मेवाला गाड्यावर सांगत होता, खुद्द चीजवाल्यांच्या संमतीने.

मावशीला अजून माहीत नाही. दुपारी फोन आला तिचा. म्हणाली, असले कोटवाले मी दारातून कितीदा परत पाठवलेत. ही ओदिलबाई दारात आली, तर हिलाही पाठवणार होते. पण हिने सचिवाचं नाव दाखवलं. "मग म्हटलं, आपला आर्सेन आहे ना त्यात. डोळे मिटून सही केली. बाकी सहा घरांना पण मीच सांगितलं. तू आधी का नाही बोललास रे?"

"गंमत करायची होती, मावशी."

ती कितीतरी वेळ हसत होती.