दोनशे पानांचा नवस

गुरुवार, १ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: कादंबरी.
आमच्या इलोइलोच्या कॅथलिक धर्मप्रांताने स्पर्धा जाहीर केली आहे. विषय 'श्रद्धा आणि प्रेम'. दोनशे पानं. शेवटची तारीख ३१ मार्च. ही स्पर्धा माझ्यासाठीच काढली आहे, एवढंच की त्यांना ते माहीत नाही.
वय सदुसष्ट. लोक म्हणतील, आता कसली कादंबरी. म्हणोत. छत्तीस वर्षं मी या गावाच्या नगरपालिकेत जन्म, विवाह आणि मृत्यूची रजिस्टरं लिहिली. माणसाच्या आयुष्यात याउपर असतं काय? नुसता मजकूर वाढवायचा आहे.
चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, मरियामातेपुढे नवस बोललो: रोज तीन पानं. मार्चअखेर दोनशे सत्तर होतात. वरची सत्तर पुढच्या कादंबरीला.
पुरिंगला सांगितलं. (पत्नी. पुरिफिकासिओन, वय ६४. आमचा विवाह क्र. ११२, सन १९८६. नोंद माझ्याच हातची.) तिने लगेच शिवणाचं मशीन हलवून खिडकीजवळचं टेबल मला रिकामं करून दिलं. इतका उत्साह मला अपेक्षित नव्हता. माझ्यातला लेखक तिला आधीपासून दिसत असणार.

शनिवार, ३ जानेवारी
पानं: ०. टेबल डुगडुगतं.

सोमवार, ५ जानेवारी
टेबलाखाली पुठ्ठा घातला. आता खुर्ची डुगडुगते. सरकारी खुर्चीची गोष्टच वेगळी होती.

शुक्रवार, ९ जानेवारी
पहिलं वाक्य झालं. 'फेलिसितास, स्त्री, वय ४३, अविवाहित, राहणार बारांगाय (वस्ती) बुगास, नदीकडची बाजू, माहिती देणार: सुईण.' पहिल्याच वाक्यात पात्र डोळ्यांसमोर उभं राहतं. पुरिंगला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं आहे, पण तिला नाक-डोळे आहेत का? रजिस्टरात नाकाचा रकाना नसतो. शिवाय मला तिच्या मताची गरज नाही.

शनिवार, १० जानेवारी
पुरिंगला पुन्हा मत विचारलं. चार वेळा. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

बुधवार, २१ जानेवारी
पानं: ११. महिनाअखेरच्या उत्सवासाठी पोरं दिवसभर ढोल बडवतायत. या गोंगाटात कुणाला श्रद्धा सुचेल? नाचता येईना अंगण वाकडं, असं पुरिंग म्हणाली. तिच्याकडे दुर्लक्ष केलं. थोरांच्या बायका अशाच असतात.
नायक आला आहे. तेओदोरिको. उंच, अबोल, निष्कलंक. वीस वर्षं तो फेलिसितासला रविवारी चर्चच्या दारात बघतो आणि एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं प्रेम शब्दांच्या पलीकडचं आहे. त्याचं कपाळ माझ्यासारखं आहे. योगायोग.

बुधवार, ४ फेब्रुवारी
पानं: ३४. (ठरल्याप्रमाणे १०५ हवी होती. पण दर्जा बघायचा.)
संध्याकाळी नोव्हेना, म्हणजे मातेची दर बुधवारची प्रार्थना. बुधवारी लोक मातेच्या पेटीत चिठ्ठ्या टाकतात, कुणाचं मागणं, कुणाचे आभार. त्यातल्या चार मी आणि मानांग (म्हणजे ताई) तिकांग निवडतो. मग मानांग ओट्यावर उभ्या राहून त्या वाचतात आणि अख्खं चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. चिठ्ठीवर नाव नसतं. मानांग तिकांग निवृत्त शिक्षिका आहेत. आवाज असा की मागच्या बाकावर झोपलेला माणूस उठून हजेरी देतो.
चिठ्ठ्या ऐकताना सुचलं: पाचवं प्रकरण म्हणजे फेलिसितासने मातेला लिहिलेली चिठ्ठीच करायची. असं आजवर कुणी केलं नसेल.

बुधवार, ११ फेब्रुवारी
सगळं नीट लिहितो.
प्रवचन चालू असताना सुधारायला म्हणून पाचवं प्रकरण बरोबर नेलं होतं. चिठ्ठ्यांच्याच फायलीत. मानांग तिकांगनी फाईल उघडली, पहिला कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली: "हे माते, मी फेलिसितास, वय ४३, अविवाहित, राहणार बारांगाय बुगास, नदीकडची बाजू."
मी उठून सांगायला हवं होतं. अर्धा उठलोही होतो. पण तेवढ्यात पुढच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं. मग दुसऱ्याने. 'ज्याची मी वीस वर्षं वाट पाहते तो माझ्याशी एक शब्द बोलत नाही' या वाक्याला उजवीकडची सगळी बाजू रडत होती. अडीचशे वाचक. एका दमात. माझे वाचक. मी परत बसलो. लेखकाने वाचकांच्या मध्ये येऊ नये.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
चर्चच्या महिला मंडळातल्या सात बायका एक ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलची रिक्षा, ठरवून बुगासला गेल्या, फेलिसितासला शोधायला. नाव, वय, पत्ता, सगळंच माझ्या नोंदीत होतं. दुसऱ्या कुणा लेखकाची नायिका इतक्या सहज सापडली नसती.
आणि सापडली. फेलिसा नावाची एक बाई, ४४, अविवाहित, नदीकाठी सुके मासे विकते. ती म्हणाली ती मी नव्हे, मी कसलीच चिठ्ठी लिहिली नाही. बायका म्हणाल्या, बिचारी, किती लाजाळू. नारळाच्या दुधातल्या भाताचं अख्खं पातेलं तिच्या ओट्यावर ठेवून आल्या.

बुधवार, १८ फेब्रुवारी
आजपासून ईस्टरपर्यंत उपासाचे चाळीस दिवस. चर्चमध्ये कपाळावर राख लावली. यंदा विशेषणं सोडायचा संकल्प केला आहे. पुरिंगचं म्हणणं, दुपारची झोप सोड. तिला त्याग कळत नाही.
पेटीत फेलिसितासबद्दल एकतीस चिठ्ठ्या. हावऱ्यासारखा वाचायला बसलो. सगळ्या तेओदोरिकोवर घसरलेल्या. एकीने लिहिलंय, वीस वर्षांत दगडालासुद्धा शब्द फुटला असता. दुसरी म्हणते, माते, त्या ठोंब्याला अद्दल घडव. तिसरीने शंका काढली आहे की तो जिवंत तरी आहे का, नगरपालिकेत जाऊन बघा.
वाचकांना अजून खोल साहित्याची सवय नाही. एकतीसही चिठ्ठ्या बाजूला काढल्या.
जेवताना पुरिंगने पहिल्यांदाच आपणहून कादंबरीचा विषय काढला. म्हणजे तिने ओळखलं होतं. म्हणाली, "त्या माणसाला तोंड उघडायला काय होतं रे, दुल्फो?" मी म्हटलं, ते आध्यात्मिक आहे. ती म्हणाली, असेल, मासा खा, काटे काढलेत.

बुधवार, ४ मार्च
पानं: ७९. आणि चमत्कार.
आभाराची चिठ्ठी. खुद्द फेलिसाची. बायका ज्या ट्रायसिकलने गेल्या तिचा ड्रायव्हर, एक विधुर, दुसऱ्या दिवशी रिकामं पातेलं न्यायला परत गेला. मग तिसऱ्या दिवशी झाकण राहिलं म्हणून गेला. मग काहीच राहिलं नव्हतं तरी गेला. ईस्टरनंतर लग्न आहे. ज्या कुणी माझ्या नावाने चुकून चिठ्ठी लिहिली तिचं भलं कर, असं शेवटी होतं. 'तिचं'. असो.
माझ्या साहित्याने एक विवाह जुळला. नोकरीत असताना मी ते नुसते नोंदवायचो.

शनिवार, ७ मार्च
आमच्या चर्चचे फादर मेल्चोर, त्यांना कन्फेशनमध्ये सगळं सांगितलं. आशीर्वाद अपेक्षित होता. ते म्हणाले, ही जागा पापं सांगायची आहे, प्रौढी मिरवायची नव्हे. प्रायश्चित्त: तीन रोझरी (जपाच्या माळा), आणि चिठ्ठ्या निवडण्याचं काम आजपासून बंद. मानांग तिकांग निवडतील. त्यांना अडचण आली तरच मी वाचायचं. आमच्या दोघांमधली लाकडी जाळी हलत होती. मला वाटतं ते रडत होते. पुरिंग म्हणते हसत असतील.

मंगळवार, १७ मार्च
पानं: १२२. उरले चौदा दिवस. समास दोन बोटं वाढवला. पानं: १५१. लेखनात मोकळी जागा फार बोलते.

मंगळवार, २४ मार्च
पानं: १९९!
उद्या नोव्हेनाहून आलो की शेवटचं पान. त्यात तेओदोरिको बोलणार. काय बोलणार ते अजून ठरायचंय, पण वाचक थरारून जातील. परवा पोस्ट. बक्षीस घेताना पुरिंगने कुठला पोशाख घालावा याचा विचार करून ठेवला.
पुरिंगला म्हटलं, उद्या संपतेय. तिने इस्त्री उभी केली आणि विचारलं, मग परवापासून काय करशील? म्हटलं, आराम. ती त्याच शर्टावरून पुन्हा इस्त्री फिरवायला लागली. आनंदाने भान राहिलं नसावं.

बुधवार, २५ मार्च
संध्याकाळी ७. नोव्हेनाहून आलो.
मानांग तिकांगचा घसा बसला. पवित्र आठवड्यातल्या गायनाच्या तालमीने. म्हणून फाईल माझ्या हातात आली. पहिल्या दोन चिठ्ठ्या नेहमीच्या, गुडघा आणि परीक्षा. तिसरी उचलली. अक्षर ओळखीचं. घरच्या वाणसामानाच्या यादीवर असतं ते.
मी छत्तीस वर्षांत कुठल्या नोंदीतला शब्द गाळला नाही. आजही गाळला नाही. वाचलं ते असं:
"माते, आभार मानायला लिहिते. माझा नवरा रिटायर झाला तेव्हा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून आठ वाजता दाराशी खुर्चीत बसायचा. जायला कुठेच नव्हतं. दोन महिने मी ते बघितलं. मला बघवायचं नाही. मग तो माझ्या स्वयंपाकघरात शिरला. डब्यांना नंबर दिले. कोंबड्यांचं रजिस्टर काढलं. एक मेली तर तिचा दाखला लिहिला, कारणासकट. मी दर बुधवारी तुझ्याकडे मागितलं, याला काहीतरी दे. तू कादंबरी दिलीस. आता तो सकाळी घाईने उठतो. कागदांवर खेकसतो, कॉफी गार करतो, मला शंभर हाका मारतो. मी ती चोरून वाचली आहे. फार वाईट आहे. पण उद्या-परवा संपेल म्हणतो, आणि मला पुन्हा त्या खुर्चीची भीती वाटते. माते, एवढंच कर. ती संपू देऊ नकोस."
'फार वाईट आहे' माईकवर जरा मोठ्याने गेलं. माईक खराब आहे.
पुरिंग तिसऱ्या बाकावर होती. मी वाचणार हे तिला माहीत नव्हतं. तिने पंखा तोंडासमोर धरला होता, आणि वरून नुसता भांग दिसत होता. मध्ये दोनदा चष्मा पुसला. धूळ. मानांग तिकांगनी पाण्याचा ग्लास दिला.
मग रिवाजाप्रमाणे सगळं चर्च उभं राहिलं. अडीचशे माणसांनी एका सुरात प्रार्थना केली की माझी कादंबरी कधीही संपू नये. किती लेखकांच्या नशिबी हे येतं?
ट्रायसिकलमध्ये आम्ही मानांग तिकांगच्या घशाबद्दल बोललो. चिठ्ठीवर नाव नसतं. उतरताना तिचा हात धरला, कारण तिथे खड्डा आहे. घरात शिरेपर्यंत सोडायचा राहिला.

मंगळवार, ३१ मार्च
आज शेवटची तारीख. पोस्टात गेलो नाही.
कारणं साहित्यिक आहेत. एक, समास फार मोठा आहे. दोन, नायिकेला खरोखरच नाक नाही. तीन, तेओदोरिको वीस वर्षं गप्प का बसला हे आता मलाही पटेना. कुणाच्या सांगण्यावरून हा निर्णय घेतलेला नाही. एकशे नव्याण्णव पानं बंबात घातली.
पुरिंगने कॉफी आणून ठेवली आणि विचारलं, किती पानं राहिली.
म्हटलं, दोनशे.
ती बरं म्हणाली आणि आत गेली. आता भांडी घासताना गाणं म्हणतेय. सूर लागलेला नाही, आणि या आवाजात मला एक ओळ सुचायची नाही.