अंगठ्याची लादी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून इकडे सगळं ठीक. आई जेवते, झोपते. मी कामावर जातो. बाबांसाठी रडलास का, असं तू विचारलंस. नाही. रडूच येत नाही.

कारखान्यात बाबांच्या टेबलावर त्यांनी शेवटची ओतलेली लादी सापडली. एरंडेलापासून प्लास्टिक करायचा त्यांचा ध्यास तुला ठाऊक आहेच. इतकी वर्षं नुसता चिकटा. ही मात्र दगडासारखी घट्ट झाली आहे. आणि मधोमध त्यांचा अंगठा उमटलाय, रेषान् रेषा. त्यांना कधी धीर धरवला नाही. ओल्यातच दाबून बघायचे आणि मी ओरडायचो.

साहेब म्हणतात, चौदा तारखेच्या चाचणीत माल मजबूत ठरला तर हे काम चालू ठेवू, नाहीतर बंद. चाचणीसाठी पट्ट्या कापायच्या, त्यात अख्खी लादी जाणार. नवी ओतली तर तोवर वाळणार नाही. मला काहीच वाटत नाही, म्हणून तुला विचारतो.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्यावर चिडलेच. हात लावशील तर खबरदार, असं लिहून पाकीटही बंद केलं होतं. माझ्याकडे बाबांचं आहे काय? एक स्वेटर, तोही मीच विणलेला.

मग आठवलं. लोक त्यांच्या चिकट्याला हसायचे, तेव्हा घरी आल्यावर त्यांचा चेहरा खरोखर एरंडेल प्यायल्यासारखा असायचा. त्यांना अंगठा मागे ठेवायचा नव्हता रे. लादी वाळली का, एवढंच बघायचं होतं.

काप. आणि वेळेवर जेव, हाडं दिसताहेत तुझी.

लोभ बाबांच्या त्या चिकट्यासारखा राहो.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्ट्या टिकल्या. काम चालू राहणार. साहेबांनी पाठ थोपटली.

कापण्याआधी फोटो काढला, पण त्यात नुसता खड्डा दिसतो. करवत अंगठ्यावरून गेली, लादी तापली आणि भुशातून वास आला. बाबा कामावरून आले की शर्टाला यायचा ना, तोच. मशीन बंद केलं आणि तिथेच खाली बसून हमसून हमसून रडलो. फोरमन दार ओढून बाहेर उभा राहिला.

भुसा गोळा केलाय. अर्धा आईला दिला. अर्धा डबीत घालून या पत्रासोबत पाठवतोय. वास उडायच्या आत उघड.

लोभ आहेच, तो असाच असू दे.
धाकटा