टीचर देशपांडे, आदिस अबाबा

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. नेपरव्हिल

सकाळीच अनिकाचा फोन. "आई, केनियाला जाताना दोन दिवस आदिसमध्ये थांबताय ना? मी तुझ्यासाठी वॉकिंग टूर बुक केलीय. डोन्ट से नो." माझी मुलगी! आधी करून टाकायचं, मग सांगायचं. म्हटलं, अगं, सहासष्टाव्या वर्षी परक्या शहरात तीन तास पायपीट कशाला? तर म्हणते, "आजोबा तिथे आठ वर्षं राहिले. तुला बघायचं नाहीये?"

काय सांगू तिला. बघायचंय की नाही हे मलाच ठाऊक नाही.

बाबा आदिसला गेले तेव्हा मी पाच वर्षांची. त्या काळी इथिओपियात शिक्षक हवे होते, आपल्याकडचे पुष्कळ जण गेले. बाबाही गेले, गणित शिकवायला. आई आणि आम्ही दोघी बहिणी मिरजेत. दोन वर्षांतून एकदा यायचे. मी तेरा वर्षांची असताना कायमचे परत आले, तेव्हा घरात एक अबोल माणूस राहायला आला एवढंच मला कळलं. हसताना मी त्यांना पाहिलेलंच नाही. मधल्या काळात आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. आसावरीताईनं कॉलेज सोडलं, स्वयंपाक आणि मी, दोन्ही अंगावर घेतलं. ते ती विसरली नाही. बाबा जाऊन सदतीस वर्षं झाली. ताईच्या घरात आईचा फोटो आहे. बाबांचा नाही.

नवरोबा विनय म्हणाला, "जा गं तू. मी दुखरा गुडघा वर करून हॉटेलात मॅच बघतो."

१३ फेब्रुवारी

बाहेर सात डिग्री. दशम्या झाल्या, चटणी झाली. बॅग तीन पौंड जास्त भरतेय. विनयचे तीन स्वेटर हळूच काढून ठेवले.

१५ फेब्रुवारी, शनिवार. आदिस अबाबा

पोचलो! हॉटेलचा एक जिना चढले तर धाप. शहर उंचावर आहे म्हणे, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं. रिसेप्शनवरच्या बाईनं सांगितलं, आमचं कॅलेंडर वेगळं, आमच्याकडे अजून २०१७ चालू आहे. म्हणजे मी आठ वर्षांनी लहान! विनय म्हणे, मग गुडघाही आठ वर्षं मागे जायला हवा होता.

बाबांनी यातलं एक अक्षरही कधी सांगितलं नाही. की आम्हीच विचारलं नाही?

१६ फेब्रुवारी, रविवार

पाय ठणकताहेत, पण आज लिहायलाच हवं.

गाइड मेकदेस नावाची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची. पायात पिवळे बूट. आम्ही तिघंच: मी आणि एक डच नवरा-बायको. सुरुवातीलाच म्हणाली, "हळू चला. आमचं शहर घाई करणाऱ्याला दमवतं." आणि खरंच दर पन्नास पावलांवर थांबायची. मला बरं वाटावं म्हणून थांबते हे माझ्या लक्षात आलं, पण तिनं ते दिसू दिलं नाही. गुणी पोर.

आधी सेंट जॉर्जचं चर्च. आठ कोनांचं. रविवार म्हणून बायका पांढऱ्या सुती शाली डोक्यावरून घेऊन आलेल्या. आत न जाताच कित्येकजणी बाहेरच्या भिंतीला कपाळ टेकवून उभ्या. मीही टेकवलं. गार दगड. कशासाठी टेकवलं कोण जाणे.

मग पियाझा. इथला जुना बाजारपेठेचा भाग. बराचसा पाडून टाकलाय आणि तिथे मोठे रस्ते, रुंद फुटपाथ झालेत. मेकदेस मोकळ्या जागेकडे बोट दाखवायची — "इथे माझ्या आजीचा शिंपी होता. इथे बेकरी." डच बाई म्हणाल्या, अरेरे. मेकदेस म्हणाली, "चालायला सोपं झालंय, तेही खरं. पण आता मला निम्मी टूर आठवणीतून करावी लागते."

उतारावर तिनं मला विचारलं, आदिसला कसं काय आलात? म्हटलं, माझे वडील इथे शिक्षक होते. सम्राटांच्या काळात. ही भर रस्त्यात थांबली. "इंडियन टीचर? तुमचे वडील?" माझा हातच धरला! "माझे आजोबा म्हणतात, त्यांच्या वयाच्या ज्याला ज्याला हिशेब येतो त्याला तो कुणातरी इंडियन टीचरनं शिकवलाय. नाव काय वडिलांचं? शाळा कुठली?"

देशपांडे, म्हटलं. शाळेचं नाव मला माहीत नाही. लाज वाटली. वडिलांच्या शाळेचं नाव माहीत नाही!

शेवटी कॉफीच्या दुकानात बसलो. बुटकी स्टुलं, जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, सोबत चक्क लाह्या. दुकानातल्या बाईनं आमच्यासमोर बी भाजली, कुटली, मातीच्या लांब मानेच्या भांड्यात उकळली. तीन वेळा प्यायची असते, तिसरी आशीर्वादाची. दूध न घातलेली ती काळी कॉफी जिभेवर आली आणि मिरजेच्या घराचं मागचं दार आठवलं. बाबा तिथे उभे राहून अशीच प्यायचे, एकटे. आई म्हणायची, "काय ते कडू जहर." कुणीच कधी त्यांच्याबरोबर प्यायला उभं राहिलं नाही.

तोवर मेकदेस बाहेर फोनवर. एक, दोन, पाच फोन. आत आली ती हसतच. "आजोबांचे मित्र आहेत, आतो अलेमू. आतो म्हणजे मिस्टर. त्यांना एक टीचर देशपांडे आठवतात! उद्या सकाळी चारला इथेच." मी दचकले — पहाटे चारला? ती खो खो हसली. इथे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. त्यांचे चार म्हणजे आपले दहा.

आजची टूर तीन तासांची होती. संपली साडेपाच तासांनी. वर काही घेईना. "उद्याचं टूरमध्ये नाही. उद्या मी मेकदेस म्हणून येणार."

१७ फेब्रुवारी, सोमवार

 एकेक करून लिहिते.

आतो अलेमू बहात्तर वर्षांचे. आयुष्यभर जमीनमोजणीचं काम केलं, आता रिटायर्ड. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. माझ्यासाठी! मला बघून उठले, वाकले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. इंग्रजी सावकाश बोलतात. अडलं की मेकदेसकडे बघतात.

म्हणाले, "टीचर देशपांडेंची मुलगी."

मी विचारलं, उंच होते का?

"उंच, हो. आम्ही लहान होतो."

चष्मा?

"हो, चष्मा."

गणित?

त्यांनी डोळे मिटले आणि सुरू झाले — "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा..." आदिस अबाबातल्या कॉफीच्या दुकानात! बे दाहे वीसपर्यंत, एकही चूक नाही! मधेच मी त्यांच्याबरोबर म्हणायला लागले, आणि मग मला पुढचं म्हणवेना. डोळ्यांना धारा. कॉफीवाली बाई पदराइतक्या मायेनं तिच्या शालीचं टोक पुढे करत होती.

"अर्थ आम्हाला कळायचा नाही," अलेमू म्हणाले. "पण सर ताल धरायचे. बाकावर. आणि हसायचे! इतके मोठ्यानं की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे."

हसायचे. बाबा!

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. ते चौदा वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. आईनं ठरवलं, आता शाळा पुरे, कामाला लाग. चार दिवस शाळेत गेले नाहीत. पाचव्या दिवशी भर पावसात टीचर देशपांडे घर शोधत आले. तासभर चालत, गुडघ्यापर्यंत चिखल. अम्हारिक धड येत नव्हतं. आईसमोर जमिनीवर बसले, चुलीतला कोळसा घेतला, फरशीवर त्रिकोण काढला आणि अलेमूकडे बोट करून म्हणाले — हा मुलगा. हे. मग पुन्हा — हा मुलगा. हे. एवढंच. आई आधी चिडली. मग हसायला लागली. मग म्हणाली, बरं बाबा, ने त्याला. दुसऱ्या दिवसापासून सरांनी मधल्या सुट्टीत अलेमूंना वेगळं शिकवलं, दोन महिने, रोज.

"मी चाळीस वर्षं या देशाची जमीन मोजली," ते म्हणाले. "त्या त्रिकोणानं. त्यांचे आभार मानायचे राहिले. एका वर्षी शाळा उघडली आणि सर नव्हते. आज तुमचे मानतो."

उठून उभे राहिले आणि माझ्यासमोर वाकले. मी काय करणार! मी त्यांच्या पाया पडले. मेकदेस रडत होती.

संध्याकाळी विनयला सगळं सांगितलं. मॅच बंद करून ऐकलं त्यानं. म्हणाला, "वीणा, सासऱ्यांशी मला आत्ता गप्पा माराव्याशा वाटताहेत."

किती चुकले मी बाबांना समजण्यात.

१८ फेब्रुवारी. नैरोबी

ताईला फोन केला. पाढ्यांपासून सगळं सांगितलं.   ती म्हणाली, "चिखलातून गेले? दुसऱ्याच्या मुलासाठी?"

मला वाटलं, चिडली. तिचा हक्कच आहे. तिच्या कॉलेजसाठी कोण चालत आलं होतं?

पण ती रडत होती. "हसायचे म्हणतेस. आम्हाला सोडून राहताना एकदा तरी हसले असतील ना गं तिथे? मला इतकी वर्षं वाटायचं, तिथेही असेच बसून असतील."

म्हणजे ताई रागावलेली नव्हती? साठ वर्षं काळजी करत होती?

२० फेब्रुवारी

हत्ती पाहिले. एकवीस. विनयनं मोजले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. नेपरव्हिल

घरी. मेलबॉक्स ओसंडून वाहतोय, दारापुढे बर्फ. शेजारच्या मिहीरनं वाट मोकळी करून ठेवलीय, न सांगता. किती लोक किती काय काय करत असतात आपल्यासाठी.

२ मार्च, रविवार

ताईनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तिच्या हॉलमधली भिंत. आईशेजारी बाबा! पासपोर्टवरचा फोटो मोठा करून फ्रेम केलाय. खाली लिहिलंय, "हार नाही घातला. ते आवडायचं नाही त्यांना, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. तिला आठवतंय. सगळंच आठवतंय तिला.

अनिकाला फोन करून थँक यू म्हटलं. "फॉर व्हॉट?" म्हटलं, न विचारता बुक केल्याबद्दल.

९ मार्च

काळी कॉफी करून मागच्या दारात उभी राहून प्यायले. विनय आला, त्यानंही घेतली. तोंड वाकडं करत संपवली, बिचारा!

१४ मार्च, शुक्रवार

मेकदेसचा मेसेज. अलेमूंच्या बहिणीकडे शाळेचा जुना ग्रुप फोटो सापडला. अलेमूंनी एका शिक्षकाभोवती पेन्सिलनं गोल केलाय. बुटके, गोल चेहऱ्याचे, मान मागे टाकून हसताहेत. खाली छापलंय: व्ही. एस. देशपांडे.

बाबांचं नाव गोविंद रामचंद्र. सगळे चेहरे तीन वेळा पाहिले. बाबा त्या फोटोत नाहीतच. उंच होते का, चष्मा होता का, हे मीच विचारत गेले. ते हो म्हणत गेले.

ताईला लगेच सांगितलं.  ती म्हणाली, "फोटो राहू दे भिंतीवर. लावलाय तो आपल्याच बाबांचा."

व्ही. एस. देशपांड्यांना मुलं असतील. नातवंडं. त्यांना चिखलाचं ठाऊक असेल? त्यांचे आभार मी घेऊन बसलेय. मेकदेसला लिहिलंय, शाळेत त्यांच्या गावचा पत्ता किंवा फोन मिळतो का बघ. मिळाला की मीच फोन करणार आहे.

बाबा कुठल्या शाळेत होते, तेही विचार म्हटलंय.