बंड्या पाय का चाटतो

माण,
२८ सप्टेंबर २००६

चि. शंभूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू, सुलक्षणा आणि पोरं नेऱ्याला खुशाल असाल असं धरून चालते, कारण विचारलं तरी तू सांगणार नाहीस. माझा फोन तू उचलत नाहीस. बरं, नको उचलूस. पण नथू रिक्षावाल्याच्या हाती दिलेला हा कागद फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच, एवढं अक्काचं ऐक.

इकडे घट बसलेत. आत्याबाईंचे गुडघे आहेत तसेच, तोंडही आहे तसंच. वरच्या खोल्यांत लातूरकडची कॉम्प्युटरवाली मुलं राहायला आलीत. गुणी आहेत, फक्त नळ उघडा टाकून कामावर जातात. जमिनीचा विषय मी काढत नाही. तो काढला की आपण दोघं भांडतो.

आणि बंड्या पाय चाटतो. हसू नकोस. पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलंय.

पावसाळा सरत आला तेव्हापासून हे सुरू आहे. दिवसभर ओट्याखाली बसून पंजे चाटतो, चावतो. तो चपचप आवाज ऐकून डोकं उठतं. पांढरे केस लाळेने तांबूस झालेत, बोटांच्या मधलं कातडं सोललंय. आधी वाटलं काटा असेल. आत्याबाईंनी पंजा मांडीवर घेऊन बेचक्या बघितल्या. काटा नाही, गोचीड नाही. हळद आणि करंजाचं तेल लावलं, ते त्याने चाटून साफ केलं. मी फरशी पुसायच्या पाण्यात फिनेल टाकणं सोडलं. तरी तेच.

शेवटी हिंजवडीहून जनावरांचा डॉक्टर आला. तो म्हणाला, कुत्रं पाय उगाच चाटत नाही. काही रुतलेलं असतं, खाण्यातलं सोसत नसतं, नाहीतर एकटं बांधून ठेवलं की चाटत बसतं. मग त्याने बोटं फाकवून बघितली आणि मला विचारलं, "हा गाजर गवतात फिरतो का? त्या गवताने कातडीला खाज सुटते."

आमच्या दारात आता गवताची काडी तरी आहे का, शंभू? खोल्या काढल्या तेव्हा सगळीकडे कोबा घातला. तुळससुद्धा डब्यात आहे. मी नाही म्हणाले. तेवढ्यात आत्याबाई आतून म्हणाल्या, "आगं, सांच्याला त्यो भिवाच्या मागं जातुया न्हवं?"

तुझे दाजी संध्याकाळी बाहेर पडतात हे मला काय नवं नव्हतं. विचारलं की "पारावर बसतो" म्हणायचे. माझा विश्वास नव्हता. मला वाटायचं, जमीन गेल्यापासून हाताला काम नाही, ढाब्यावर बसत असतील. झोपले की मी त्यांच्या तोंडाचा वास घेऊन बघायचे. कधीच आला नाही. मग म्हटलं दारू नाही तर बाई असेल. दोन्ही हातांवर चट्टे उठले होते, मान खाजवून लाल झाली होती. "उन्हाचं हाय," म्हणायचे. मी तेलाची बाटलीसुद्धा पुढे केली नाही, एवढी रागात होते.

परवा मी त्यांच्या मागे गेले.

ते पारावर गेले नाहीत. आपल्या विकलेल्या ओढ्याकाठच्या शेताकडे वळले. विकत घेणाऱ्या पार्टीने तारेचं कुंपण घातलंय आणि आत नुसतं गाजर गवत माजलंय, कंबरेएवढं, पांढऱ्या फुलांचं. बंड्या तारेखालून आधी शिरला, जसं काही त्याचंच घर आहे. त्याच्यामागून हे शिरले. मी निरगुडीच्या आड उभी राहिले. बांधाच्या कोपऱ्यात एक दगड आहे. त्याच्याभोवती सुपाएवढी जागा साफ होती. हे उकिडवे बसले आणि नवं उगवलेलं गवत मुठीने उपटत राहिले. बंड्या शेजारी बसून पाय चाटत होता.

मी हाक मारली तर दचकले. म्हणाले, "तू हितं कशाला आलीस?" मी विचारलं, तुम्ही कशाला येता? त्यांनी मुठीतलं गवत बाजूला टाकलं. मग दगडावर हात ठेवून म्हणाले, "आपली पोर हाय हितं."

बारा वर्षं, शंभू. मी दवाखान्यात होते. पाचवी पुजायच्या आधीच ती गेली आणि मामंजी नि तुझे दाजी, दोघा बापलेकांनी तिला नेलं. कुठे ठेवली हे मला कुणी सांगितलं नाही. आईला सांगायचं नसतं म्हणे, सांगितलं की तिचा जीव तिथंच घुटमळतो. मी विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या, "मागं बघू न्हाई." मग मी विचारायचं सोडलं. त्याच शेतात मी भात लावला, निंदला, कापला. त्या बांधावर बसून भाकरी खाल्ली.

मी त्यांना म्हटलं, मग विकताना बोलला का नाही? तर म्हणाले, "साऱ्या भावकीनं सह्या केल्या. मी कुठल्या तोंडानं म्हणू, माझी पोर हाय तितं? आता आपला काय हक्क हाय?" एवढा मोठा माणूस, गवत धरून रडत होता. आणि मी त्याच्या तोंडाचा वास घेत होते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. व्यवहार तू जुळवलास त्याबद्दल आज एक शब्द बोलणार नाही. पण दसऱ्याला तुझ्या जेसीबीला झेंडूची माळ घालून तू ओढ्याकडच्याच कोपऱ्यापासून खोदाई सुरू करणार आहेस, हे गावभर झालंय. तो कोपरा हाच. मला झोप नाही. डोळे मिटले की तुझ्या मशीनचा आवाज येतो. शंभू, मी तुझ्या पाया पडते.

काम सोड म्हणत नाही. दसऱ्याच्या आधी एकदा ये. मशीन आणू नकोस, कुदळ आण. काही उरलं नसेल, तेवढं मला कळतं. तिथली माती तरी काढू दे. आमच्याकडे ती ठेवायला जागा नाही, सगळा कोबा आहे. तुझ्याकडे आपल्या दादांचा मळा अजून आहे. हक्कसोडीवर सही करताना मी माहेरचं काही मागितलं नव्हतं. आज मागते. विहिरीजवळच्या बांधाला सुपाएवढी जागा दे.

तुला आठवतं का, तू दहावीत होतास आणि पौडच्या बाजारातून पिवळं झबलं घेऊन दवाखान्यात आला होतास? मी विचारलं होतं, एवढं मोठं कशाला आणलंस? तर म्हणालास, वाढेल की. दाजी परवा म्हणाले, "शंभूचं झबलं घालूनच ठेवली."

तुझी भाची अजून एकदाही आजोळी आलेली नाही. मामानं न्यायचं असतं. ये आणि ने तिला.

वाट बघते.

तुझी अक्का,
आणि तुझ्या भाचीची आई,
हेमलता