पुनरावृत्तीचे ठिपके

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
१४ ऑगस्ट २००६

प्रिय नीलांबरी,

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक. थंडी आहे, पण ऋतुराज हीटर लावू देत नाही. आईलाच सांगतो, स्वेटर घाल. काटकसर शिकवली मीच.

शनिवारी इथल्या चर्चच्या हॉलमध्ये हार्पसिकॉर्डचा कार्यक्रम झाला. पियानोचा पूर्वज, पण यात तारा छेडल्या जातात. कितीही बडवा, आवाज तेवढाच. वाजवणाऱ्या जोनबाईंना पानं उलटायला कुणीतरी हवं होतं. मी हात वर केला, तर संयोजक पोरगी म्हणते, "यू जस्ट रिलॅक्स, डिअर." म्हटलं, तुझी आई जन्मायच्या आधीपासून मला नोटेशन वाचता येतं.

शेवटी त्यांनी एक जीग वाजवली. आपल्या शाळेतली नव्हे, पण तशीच उड्या मारणाऱ्या नाचाची धून. दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजवायचा. पहिला भाग उजव्या पानाच्या तळाशी संपला. मी हात मांडीवरच ठेवले. बाईंनी तो पुन्हा वाजवला, मग मी पान उलटलं.

नंतर त्यांना म्हटलं, "आत्ता उलटू नका, अशी तुम्ही मान हलवून खूण केली नाहीत."

"कशाला? पुन्हा वाजवायचं म्हणून रेघेपाशी दोन ठिपके छापलेत. वाचता येणारी बाई तिथे चुकत नाही."

हे मला सत्तेचाळीस वर्षं ठाऊक आहे.

तू लिहितेस, देवयानीला पियानोच्या स्पर्धेत बसवणार नाहीस, ऐनवेळी गोंधळणं तुमच्या रक्तातच आहे. नातीला असलं काही सांगतात? १९५९ च्या कॉन्व्हेंटच्या समारंभात पानं उलटायला तुझ्या शेजारी मी बसले होते. ठिपके मला दिसले होते. सिस्टर अग्नेसनी जीग मला न देता तुला दिली होती, म्हणून मी मुद्दाम आधीच पान उलटलं. तू पुन्हा सुरुवातीला आलीस, समोर भलतंच, आणि थांबलीस. "मीच मान हलवायला विसरले," असं तू सिस्टरना सांगितलंस. मी सांगू दिलं. त्यानंतर तू पियानोला हात लावला नाहीस. मी मात्र तीस वर्षं शिकवत राहिले.

माफी मागत नाही. एवढ्या उशिरा मागायची म्हणजे तुझ्यावर माफ करायचं आणखी एक काम. देवयानीचं नाव दे. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, तूच लिहिलंयस. तिने विचारलं, आजीचं मत एकदम कसं बदललं, तर हे पत्र तिला वाचायला दे. माझं नाव झाकू नकोस.

तुझ्या डाव्या हाताला बसलेली,
श्यामला