खुणेवर उभा

५ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचा! चौफेर उजाड माळ, मधोमध एकच घर, त्याला टेकून आमचे तंबू. मोबाइलला रेंज नाही, म्हणजे बाबांचे फोन नाहीत. कॉलेज सोडल्याबद्दल त्यांनी आता भिंतीशी भांडावं. इथे एका पोराच्या मोठं होण्याचा सिनेमा बनतोय. कपडेपट सांभाळायला ती आहे, म्हणून मीही आहे. तिला लग्नाचं विचारलंय; शूटिंग संपलं की हो की नाही ते सांगणार आहे. तोवर कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही, ही अट.

७, बुधवार
माझं काम नुसतं उभं राहण्याचं. नट येण्याआधी त्याचे कपडे घालून चिकटपट्टीच्या खुणेवर थांबायचं. लाइटदादा माझ्यावर उजेड बसवतात. मोठ्या नटाच्या तारखा आधी मिळाल्या, म्हणून सिनेमा उलटा चाललाय. म्हातारपण आधी, पाळणा सगळ्यात शेवटी. पायांचे तुकडे पडलेत. लाइटदादा म्हणाले, पाळण्याच्या सीनला आडवा हो, तोवर उभा राहा.

१२, सोमवार
नायक आता कॉलेजात. पँट टाचेखाली येत होती. तिने दुमडून टाके घातले. मी म्हटलं, माप चुकलंय. म्हणाली, महाराज, माझं माप चुकत नाही. कॅमेरावाल्याने लाइट वीतभर खाली घ्यायला लावला. त्याची कॉलरच धरणार होतो. अट आठवली.

१६, शुक्रवार
शीण जात नाही. दाढी करायला बसलो तर दाढीच नाही. शाळकरी नट आजारी पडला. दिग्दर्शकांनी मला न्याहाळलं, म्हणाले दुसरा कशाला, हा आहे की. कुणालाच नवल वाटलं नाही. मला महाराज म्हणून चिडवणारी ती — आज सोन्या म्हणाली. केस विंचरून दिले.

१९, सोमवार
पळालो. माळ सरेना. पावलं पुरत नाहीत. लाइटदादांनी खांद्यावर बसवून परत आणलं. त्यांना कडकडून चावलो. सगळे हसले, तीसुद्धा —

२१
पेन मुठीत धरलंय. अक्षरं आठवत नाहीत सगळी. उद्या पाळणा. मग संपलं —
तिला विचारलं. हो का नाही. जीभ वळेना, तरी विचारलं.
"उद्या सांगते हं. आधी दूध पी."
येतेय. हात पसरून. मी नाही जाणार, मी मोठा आहे, मला उचल